जागरूक नागरिकाची ओळखपरेड

सकाळची आठ चाळीसची गाडी मसुदेकाकांच्या डोळ्यांदेखत सुटली. नुसती सुटली असती तर पुढचं काहीच घडलं नसतं. माणसाच्या आयुष्यात गाड्या सुटतातच. पण त्या दिवशी काका तिच्यामागे धावले. वय छप्पन्न, एका हातात जेवणाचा डबा, दुसऱ्या हातात फायलींची पिशवी, आणि डाव्या बुटाची नाडी मोकळी. धावणाऱ्या माणसाला गाडी मिळाली तर लोक त्याला चपळ म्हणतात. नाही मिळाली, तर त्याच्याकडे बघू नये एवढी सभ्यता तरी लोकांनी पाळायला हवी. इथे मागच्या काचेतून नऊजण बघत होते. काकांनी डब्यासकट हात वर करून थांबण्याची खूण केली. त्यावर मागच्या सीटवरच्या एका चिमुरडीने तोंडभर हसून त्यांना टाटा केला.

काकांना 'मसुदे' हे नाव आईवडिलांनी दिलेलं नव्हतं. ते एका गोदाम कंपनीच्या पत्रव्यवहार विभागात होते आणि तीस वर्षं पत्रांचे मसुदे करत होते. कॉलनीत कोणाला पाणीखात्याला अर्ज करायचा असो की जावयाला कडक पत्र पाठवायचं असो, लोक काकांकडे येत. "काका, जरा मसुदा करून द्या," हे इतक्यांदा झालं की खरं आडनाव पाटीवरच राहिलं, आणि मग पाटीवरचा रंगही गेला.

त्या दिवशी काका टेकडी पायी उतरले. ऑफिसात पोचायला पन्नास मिनिटं उशीर झाला. साहेबांनी घड्याळाकडे बघितलं आणि काहीच बोलले नाहीत. शिव्या परवडतात, हे घड्याळाकडे बघणं माणसाला आतून खातं. जेवणाच्या सुट्टीत काकांनी डबा बाजूला सारला आणि कॉम्प्युटर पुढे ओढला.

आता गाडी कोणाची, हे सांगायला हवं. टेकडीवरच्या कॉलनीत सरकारी बस येत नसे. चढ बघूनच ती खालच्या चौकातून परत फिरे. तेव्हा अकरा ड्रायव्हरांनी, जे आधी दुसऱ्यांच्या गाड्या रोजावर चालवत, एकत्र येऊन सात जुन्या व्हॅन घेतल्या आणि सहकारी संस्था काढली. मालक कोणी नाही, म्हणजे सगळेच मालक. कॉलनीतल्या लोकांनीही संस्थेचे भाग घेतले होते, आणि काका त्यातलेच एक सभासद होते. म्हणजे काका ज्या गाडीमागे धावले ती काही अंशी त्यांचीच होती. स्वतःच्या मालकीची गाडी स्वतःलाच सोडून जाते, हे दुःख भाड्याच्या गाडीतून फिरणाऱ्यांना कळायचं नाही.

पत्र परिवहन कार्यालयाच्या नावे होतं. कलम एक: गाड्या वेळेआधी सुटतात. (काकांचं घड्याळ तीन मिनिटं मागे होतं, पण ती माहिती पत्राच्या कक्षेबाहेरची होती.) कलम दोन: प्रवाशांच्या हातवाऱ्यांची चालकवर्ग दखल घेत नाही. कलम तीन: गाडीतील काही प्रवासी बाहेरच्या प्रवाशांकडे पाहून अनुचित हावभाव करतात. कलम चार: काही दिवशी मात्र गाडी विनाकारण चार-पाच मिनिटं थांबवून ठेवली जाते.

इथवर येऊन काका थांबले. चार कलमं म्हणजे पत्र हलकं वाटत होतं. कलमं नेहमी विषम असावीत, असा त्यांचा तीस वर्षांचा अनुभव होता. सम कलमांची पत्रं वरचेवर खाली बसतात. म्हणून केवळ वजनासाठी त्यांनी पाचवं घातलं: 'सबब सदर गाड्यांच्या ब्रेकविषयीदेखील जनमानसात शंका आहे.' जनमानसात त्या वेळी काका एकटेच होते.

राहता राहिली सही. ज्या गाडीविरुद्ध लिहायचं त्याच गाडीत उद्या बसायचं, तेव्हा नाव घालण्यात शहाणपण नव्हतं. त्यांनी खाली टाइप केलं, 'एक जागरूक नागरिक', आणि घरी जाताना पत्र पेटीत टाकलं. मन इतकं हलकं झालं की डबा त्यांनी चढावर चालता चालता संपवला.

दुसऱ्या दिवशी ते स्टॉपकडे निघाले तेव्हा गाडी उभी होती. चालवायला चेअरमनबाई होत्या. त्या संस्थेच्या चेअरमन होत्या आणि रोज सकाळची पहिली पाळीही त्याच चालवत. खुर्चीत बसायचं असेल तर ती ड्रायव्हरची, असं त्यांचं म्हणणं. काकांना बघून त्यांनी खिडकीतून मान बाहेर काढली. "काका, सावकाश या. थांबलेय मी."

काका बसले. पत्र पेटीतून परत काढता येत नाही, याची त्यांना तेव्हा प्रथम चुटपुट लागली. पण सरकारी कार्यालयात जागरूक नागरिकांची पत्रं वाचतो कोण, असं म्हणून त्यांनी ती गिळून टाकली.

बाराव्या दिवशी सकाळी स्टॉपवर गर्दी होती, गाडी नव्हती. खांबावर एक सूचना चिकटवली होती. एका जागरूक नागरिकाने गाड्यांच्या ब्रेकविषयी शंका उपस्थित केल्यामुळे, नियमाप्रमाणे, तपासणी होईपर्यंत सातही गाड्या उभ्या ठेवण्याचे आदेश आहेत. तपासणी करणारे निरीक्षक प्रशिक्षणाला गेले असून तीन आठवड्यांनी परततील.

पहिल्या चार कलमांचा कुठे उल्लेखही नव्हता. काकांना आधी वाईट वाटलं ते याचं.

त्याच संध्याकाळी संस्थेने कॉलनीच्या हॉलमध्ये सभा बोलावली. अकरा ड्रायव्हर एका बाजूला भिंतीला टेकून उभे, खुर्च्यांवर कॉलनी. चेअरमनबाईंनी पत्राची नक्कल मोठ्याने वाचली. आपलं लिखाण सभेत वाचलं जावं ही काकांची जुनी इच्छा होती. ती अशी पुरी होईल असं वाटलं नव्हतं.

वरच्या मजल्यावरचे हेडमास्तर उठले. ते निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती, पण तपासायला वह्या मिळत नसल्याने ते वर्तमानपत्रं तपासत. "पत्र मूर्खपणाचं आहे," ते म्हणाले. "कलम एक म्हणतं गाडी लवकर सुटते. कलम चार म्हणतं गाडी थांबते. या गृहस्थाला हवंय काय? आणि जनमानसात शंका असते का? शंका जनतेच्या मनात असते. भाषा म्हणजे नुसता फुगा आहे."

"भाषा भारदस्त आहे," काका म्हणाले. ते बोलून गेल्यावरच त्यांना कळलं की आपण बोललो. सगळ्या माना वळल्या. "म्हणजे, आशय निषेधार्ह आहे," त्यांनी घाईने जोडलं. "पण मांडणीला एक... वजन आहे."

"बघा," चेअरमनबाई म्हणाल्या. "काकांना त्यातलं कळतं. उत्तराचा मसुदा काकाच करतील."

टाळ्या पडल्या. नाही म्हणावं तर संशय, हो म्हणावं तर पंचाईत. काकांनी मान खाली घालून होकार दिला, आणि लोकांनी त्याला नम्रता समजलं.

घरी आल्यावर काकूंनी दार लावलं, चहा ठेवला आणि पाठमोऱ्या राहूनच म्हणाल्या, "सहा वेळा 'सदर'. दोन वेळा 'सबब'. आपल्या घरात मिठाच्या बरणीलाही 'सदर बरणी' म्हणणारा एकच माणूस आहे."

काका सदऱ्याची गुंडी तपासू लागले.

"पंधरा वर्षं संस्थेच्या गाडीने मी शाळेत जातेय. कधी ब्रेक लागला नाही असं झालं?"

"ते कलम वजनासाठी होतं," काका म्हणाले.

"मग आता उचला वजन. उद्या मला खाली-वर दोन तास चालायचंय." काकू खालच्या शाळेत शिवण शिकवत आणि त्यांचा उजवा गुडघा चढाला वैरी मानत असे. "सांगून टाका सगळ्यांना."

"योग्य वेळ आली की सांगतो."

"वेळेआधी नका सुटू म्हणजे झालं," काकू म्हणाल्या आणि चहा गाळायला लागल्या.

उत्तराचा मसुदा करताना काकांची जी फजिती झाली ती कोणत्याही लेखकाच्या वाट्याला येऊ नये. संस्थेची बाजू घेऊन ते एक वाक्य लिहीत, आणि लगेच त्यांना दिसे की मूळ तक्रारीसमोर ते लेचंपेचं आहे. तीन संध्याकाळी ते स्वतःशीच लढले आणि तिन्ही वेळा तक्रारदार जिंकला. शेवटी जे गेलं त्यावर कार्यालयाचं दोन ओळींचं उत्तर आलं: संस्थेचे म्हणणे समाधानकारक नाही. तक्रार मागे घ्यावयाची झाल्यास ती तक्रारदारानेच घ्यावी.

इकडे मनाच्या टोचणीवर काकांनी एक उपाय काढला. त्यांच्याकडे एक जुनी स्कूटर होती, जिन्याखाली चादर पांघरून झोपलेली. ती त्यांनी उठवली. कोणाची औषधं आण, कोणाचा विसरलेला डबा पोचव, काकूंना शाळेत सोड, सात गाड्यांचं काम एका स्कूटरने सुरू झालं. ऑफिसात त्यांनी हक्काची रजा टाकली. लोक जिन्यात थांबवून हात जोडू लागले. "काका, तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून. नाहीतर तो जागरूक मेला, मिळाला तर टेकडीवरून ढकलला पाहिजे." काका म्हणत, "नको, नको, ढकलायचं कशाला," आणि लोकांना त्यात त्यांचं मन किती मोठं ते दिसे. शिव्यांनी झोप उडते असं म्हणतात. कौतुकाने जास्त उडते.

शेजारच्या आजोबांची आठवड्यातून तीनदा इस्पितळात रक्त शुद्ध करायच्या मशीनवर पाळी असे. सकाळी नऊची. पाळी चुकली की जागा दुसऱ्याला, आणि मग दोन दिवस अंगाला सूज. संस्थेच्या गाडीत पुढची सीट त्यांची होती. गाड्या बंद झाल्यावर पहिल्या आठवड्यात त्यांचा भाचा दुसऱ्या गावाहून गाडी घेऊन आला. मग त्यालाही नोकरी होती. काका म्हणाले, "मी आहे ना."

आजोबा स्कूटरवर मागे बसले, दोन्ही हातांनी काकांचा सदरा धरला आणि उतार लागताच गप्पा मारू लागले. त्यांना कमी ऐकू येत असल्याने ते दुसऱ्याच्या वाटचंही स्वतःच बोलून टाकत.

"चेअरमन ताईंचे फार उपकार आहेत," ते काकांच्या कानात ओरडले. "मला दोन मजले उतरायला वेळ लागतो. कधी चार मिनिटं, कधी पाच. त्या गाडी थांबवून ठेवतात. कोणाला कारण सांगत नाहीत. म्हणतात, आजोबा, तुमचं दुखणं मी कशाला लोकांना सांगू?"

काकांना कलम चार आठवलं. त्यातला 'विनाकारण' हा शब्द त्यांनी फार विचार करून घातला होता.

"आणि मागे एकदा," आजोबा पुढे म्हणाले, "मी अगदी वेळेत बसलो होतो. कोणीतरी मागून धावत येत होतं म्हणे. ताईंनी आरशात बघितलं. म्हणाल्या, चौकात सिग्नल लागला तर तुमचं मशीन जाईल, नाही थांबता येत. पण दिवसभर त्यांना चैन नव्हतं. संध्याकाळीही मला म्हणाल्या, बिचारा हात वर करून धावत होता हो. कोण होता कोण जाणे, तुम्हाला काही माहिती?"

काकांनी उत्तर दिलं नाही. एक तर आजोबांना ऐकू गेलं नसतं, आणि दुसरं म्हणजे त्याच क्षणी क्लचची केबल तुटली.

उतार होता तोवर स्कूटर आपसूक घरंगळत गेली. ब्रेक दाबला की ती वेग कमी करण्याऐवजी फक्त कण्हत होती. चौकात सपाटी लागली आणि ती थांबली. इस्पितळ अजून पाऊण मैल लांब. घड्याळात नऊला दहा कमी, म्हणजे काकांचं घड्याळ तीन मिनिटं मागे धरून सात. आजोबांना चालवणं शक्य नव्हतं. रिकामी रिक्षा दिसत नव्हती. काकांनी आजोबांना सीटवर तसंच ठेवलं आणि मागून ढकलायला सुरुवात केली. शंभर पावलांवर त्यांच्या छातीचा भाता झाला. आजोबा पुढचं हँडल धरून "उजवीकडे घेऊ का?" असं विचारत होते आणि उत्तराची वाट न बघता डावीकडे घेत होते.

तेवढ्यात शेजारी आणखी दोन हात आले. ग्रीसने काळे झालेले. चेअरमनबाई सुट्या भागांच्या दुकानातून परतत होत्या. काही न विचारता त्यांनी खांदा लावला. पाऊण मैल दोघांनी मिळून स्कूटर ढकलली. इस्पितळात पोचले तेव्हा नऊ वाजून बारा मिनिटं झाली होती आणि आजोबांच्या पलंगावर दुसऱ्याच गृहस्थाची चादर पडत होती. चेअरमनबाई नर्सशी आत जाऊन काय बोलल्या ते काकांना कळलं नाही. चादर परत काढली गेली.

बाहेर बाकावर बसल्यावर बाई म्हणाल्या, "काका, तुमच्या ब्रेकचं काहीतरी करा. आवाज चांगला नाही." मग पदराला हात पुसत त्या निघून गेल्या.

काका उठले ते थेट परिवहन कार्यालयात गेले. आवक-जावकच्या खिडकीवरचा कारकून टाचणीने कान कोरत होता.

"तक्रार मागे घ्यायची आहे. टेकडीच्या गाड्यांची."

"तुम्ही कोण?"

काकांनी इकडेतिकडे बघितलं आणि खिडकीत डोकं घालून हळूच म्हणाले, "मी एक जागरूक नागरिक."

"कोणता?" कारकुनाने एक जाड फाईल काढली. "या महिन्यात चौदा आहेत. भोंगेवाला, खड्डेवाला, की ब्रेकवाला?"

"ब्रेकवाला."

"अरे वा," कारकून म्हणाला. "तिसरे तुम्ही."

काकांना काही कळेना.

"परवा एक मास्तर येऊन गेले. म्हणाले, तो नागरिक मीच, लोकांचे हाल बघवत नाहीत, तक्रार मागे घेतो. मी म्हटलं, पत्र वाचून दाखवा. तर वाचता वाचता लाल पेन काढून चुकाच दुरुस्त करायला लागले. स्वतःचं पत्र असतं तर माणूस असं करेल? काल एक बाई आल्या. गुडघा धरून बसल्या होत्या. म्हणाल्या, घरचंच पत्र आहे, द्या परत. मी म्हटलं, सही कुठाय? त्या म्हणाल्या, सही करण्याची हिंमत असती तर मला कशाला यावं लागलं असतं."

त्या बाई कोण, हे काकांना सांगावं लागलं नाही. पण खरं सांगायचं तर त्या क्षणी त्यांना जास्त लागलं ते हेडमास्तरांचं. ज्या पत्राला भर सभेत फुगा म्हटलं, त्याचंच लेखकपण हा मनुष्य खुशाल स्वतःकडे घ्यायला निघाला होता.

"पत्र माझंच आहे," काका ताठ होत म्हणाले. "तोंडपाठ म्हणून दाखवतो." आणि त्यांनी पाचही कलमं विरामचिन्हांसकट म्हटली. मागच्या टेबलावरच्या दोघी लिहायच्या थांबून ऐकू लागल्या.

कारकुनाने नक्कल पडताळून पाहिली. "पाठ आहे. पण पाठ तर माझंही झालंय आता. ओळखीचा दाखला आणा."

"कोणाचा?"

"ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे त्यांचा. ते म्हणाले की हाच तो, तर आमची हरकत नाही. संस्थेच्या लेटरहेडवर, शिक्क्यासह."

संस्थेची शेड टेकडीच्या पायथ्याशी होती. सातही गाड्या रांगेत उभ्या, चाकं काढलेली. चेअरमनबाई एका गाडीखाली आडव्या होत्या. बाहेर फक्त चपला दिसत होत्या. काकांना ते सोयीचं वाटलं. चपलांशी बोलणं सोपं जातं.

"ते पत्र मी लिहिलं," ते चपलांना म्हणाले.

गाडीखालचा पाना थांबला.

"आठ चाळीसच्या गाडीमागे धावत होतो तो मीच. राग आला होता. ब्रेकचं मला काहीच माहीत नव्हतं. चार कलमं कमी वाटली म्हणून लिहिलं."

बाई बाहेर आल्या, उठून बसल्या. त्यांनी काकांकडे बराच वेळ बघितलं. काकांना वाटलं होतं त्या ओरडतील. किंवा हसतील, जे त्याहून वाईट. त्यांनी दोन्ही केलं नाही.

"अकरा घरं आहेत काका," त्या म्हणाल्या. "पंधरा दिवस झाले. लोकांना वाटतं ब्रेक खराब असणारच, त्याशिवाय का कोणी लिहील. माझ्या मुलीला वर्गात विचारलं, तुझी आई मोडक्या गाड्या चालवते का."

काकांचा हात खिशातल्या पेनाकडे गेला आणि तसाच परत आला. तीस वर्षांत हे पहिल्यांदाच झालं.

"तो माणूस तुम्ही होतात हे मला आरशात दिसलं नाही," त्या पाना पुसत म्हणाल्या. "दिसलं असतं तरी थांबले नसते. आजोबा होते गाडीत."

"माहीत आहे," काका म्हणाले. "आज कळलं. मला दाखला हवाय. म्हणजे तक्रार मागे घेता येईल."

"शिक्का माझा एकटीचा नाही. संस्था आहे. सभेचा ठराव लागेल."

म्हणजे काकांना सगळ्यांसमोर उभं राहावं लागणार होतं. सहकाराचे फायदे पुष्कळ आहेत, पण त्यात कोणाला खासगीत माफ करण्याची सोय नाही.

सभा रविवारी सकाळी झाली. काकांनी रात्रभर खपून चार पानी निवेदन तयार केलं होतं. काकूंनी ते हॉलच्या दारात त्यांच्या हातातून काढून घेतलं. "तोंडाने सांगा," त्या म्हणाल्या. काकांनी सांगितलं. तीन वाक्यांत संपलं. तिसरं वाक्य 'माझं चुकलं' हे होतं, आणि तेही अर्धंच ऐकू गेलं.

मग चेअरमनबाईंनी ठराव वाचला: "सदर गृहस्थ हेच एक जागरूक नागरिक असल्याबद्दल सभेची खात्री झाली आहे." आणि विचारलं, "सूचक कोण?"

कोणी हात वर करेना. काकांच्या मनात आलं की आपण गुन्हेगार आहोत एवढं मान्य करून घ्यायलाही या जगात कोणी सूचक मिळत नाही.

शेवटी आजोबा काठी टेकत उठले. "काय चाललंय ते मला नीट कळलं नाही," ते म्हणाले. "पण हे माझे शेजारी आहेत आणि त्यांनी काही केलंय म्हणतात, तर केलं असेल. मी सूचक."

"अनुमोदन," काकू म्हणाल्या. इतक्या ठामपणे त्या लग्नातही हो म्हणाल्या नव्हत्या.

हेडमास्तरांनी दुरुस्ती सुचवली की 'एक' हा शब्द गाळावा, कारण गृहस्थ एकच दिसत आहेत. दुरुस्ती फेटाळली गेली. मतदानात एक ड्रायव्हर विरोधात गेला. कारण विचारलं तर म्हणाला, "हा माणूस माझ्या आईची औषधं रोज स्कूटरवरून आणून द्यायचा. हा ते पत्र लिहिणार नाही. कोणाला तरी वाचवतोय." त्याला समजावायला वीस मिनिटं लागली, आणि समजावणाऱ्यांत सगळ्यात पुढे काका होते. पुरावे देत होते. शेवटी त्याला पटलं. मग मात्र तो महिनाभर काकांशी बोलला नाही.

दाखला कार्यालयात गेला. कारकुनाने शिक्का उजेडात धरून बघितला, तक्रार मागे घेतल्याची नोंद केली आणि सांगितलं की निरीक्षक प्रशिक्षण अर्धवट टाकून कालच परतले आहेत, उद्या तपासणी आहे, तेव्हा हे सगळं केलं नसतं तरी चाललं असतं.

निरीक्षक आले. सातही गाड्या उतारावर नेल्या, थांबवल्या, पुन्हा नेल्या. वीस दिवसांत ड्रायव्हरांनी प्रत्येक ब्रेक उघडून नव्यासारखा केला होता. सगळ्या उत्तीर्ण. जाता जाता निरीक्षकांनी शेडच्या दारात दुरुस्तीला आणून लावलेली एक स्कूटर बघितली, सहज तिचा ब्रेक दाबला, आणि विचारलं, "ही कोणाची?" ती जागच्या जागी जप्त झाली. ड्रायव्हरांपैकी कोणी हसलं नाही. निरीक्षक दिसेनासे होईपर्यंत.

गाड्या सुरू झाल्या. लोक काकांशी हळूहळू बोलू लागले, आधी हवेबद्दल, मग भाजीच्या भावाबद्दल. चेअरमनबाई फक्त "पुढे सरका" एवढं म्हणत, आणि तेही सगळ्यांना उद्देशून. काका पुढे सरकत. मशीनच्या दिवशी ते वीस मिनिटं आधी आजोबांकडे जात, एकेक पायरी मोजत त्यांना खाली आणत, पुढच्या सीटवर बसवत आणि स्वतः मागे जाऊन उभे राहत. हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, आणि त्याबद्दल कोणी काही म्हणालंही नाही.

अशाच एका गुरुवारी ते एकटेच खाली आले. बाईंनी विचारलं, "आजोबा?"

"रात्रीपासून ताप आहे. उभं राहवत नाही. भाच्याला फोन केलाय, पण तो दुपारी येईल."

बाईंनी इंजिन बंद केलं. "चला काका."

त्या दोन मजले चढल्या, काका मागोमाग. स्वयंपाकघरातली लाकडी खुर्ची घेतली, आजोबांना त्यात बसवलं, शालीने बांधलं, आणि दोघांनी उचललं. वळणावर काकांची पाठ भिंतीला घासली. आजोबा म्हणत होते, "उजवीकडे घ्या." गाडीतल्या लोकांनी उतरून दार धरलं. सगळं होईपर्यंत चौदा मिनिटं गेली. भरलेल्या गाडीत एकानेही घड्याळाकडे बघितलं नाही. बाईंनी गिअर टाकला आणि आरशात बघून म्हणाल्या, "काका, मागे नको, इथे पुढे या. त्यांना धरून बसा."

काका पुढे बसले.

आजोबांना इस्पितळात सोडून ऑफिसात पोचायला पाऊण तास उशीर झाला. या खेपेला साहेब घड्याळाकडे बघून थांबले नाहीत. "दोन महिन्यांत दुसऱ्यांदा," ते म्हणाले. "कारण लेखी द्या."

अख्खा पत्रव्यवहार विभाग माना वर करून बघू लागला. काकांच्या हातून आता किमान सात कलमं उतरणार, याबद्दल कोणाच्या मनात शंका नव्हती. काकांनी एक कोरा कागद घेतला. त्यावर लिहिलं, 'शेजाऱ्यांना गाडीत बसवायला वेळ लागला.' कागदाकडे थोडा वेळ बघितलं. काही वाढवावंसं वाटेना. खाली त्यांनी आपलं नाव लिहिलं, आडनावासकट, आणि कागद साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवला.